तिकीट कुणाच्या बापाचं?

२९ ऑक्टोबर २०२४, धनत्रयोदशी. दिवाळीला मी पुण्याहून आष्टीला घरी आलो होतो. सकाळी नानांसोबत, म्हणजे माझ्या चुलत्यांसोबत, चहाला बाहेर पडलो तर टपरीवर पंधरा-वीस माणसं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली. सोयाबीनच्या भावाचं कुणी बोलत नव्हतं, दिवाळीच्या बाजाराचं कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, "फॉर्म आला का?"

फॉर्म म्हणजे एबी फॉर्म. विधानसभेचे अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस होता आणि दुपारी तीनच्या आत तो कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पडायला हवा होता. आष्टी, पाटोदा आणि शिरूर कासार हे तीन तालुके मिळून आमचा मतदारसंघ. साडेतीन लाखांहून जास्त मतदार. आणि आम्ही सगळे मुंबईहून एक कागद यायची वाट बघत होतो.

मी नानांना विचारलं, "आपल्याला कुणी विचारलं का, कोण पाहिजे म्हणून?"

नाना हसले. "आपल्याला विचारायला आपण कोण रे? आपण नुसते मतदार."

हे वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख.

कागदाची किंमत

आधी हा कागद काय असतो ते बघू. १९६८ सालच्या निवडणूक चिन्ह आदेशानुसार पक्षाने दोन कागद द्यायचे असतात. 'ए' फॉर्ममध्ये पक्ष सांगतो की उमेदवार ठरवून सही करायचा अधिकार कुणाला आहे. 'बी' फॉर्ममध्ये तो अधिकारी माणूस सांगतो की या मतदारसंघात आमचा उमेदवार हा. सही शाईचीच लागते, फॅक्स चालत नाही. म्हणूनच २०२४ ला त्याच शेवटच्या दिवशी शिंदेंच्या शिवसेनेचे एबी फॉर्म नाशिकला हवाई मार्गाने पोचवल्याच्या बातम्या आपण वाचल्या.

आता या दोन कागदांत मतदाराचा उल्लेख कुठे येतो ते शोधा. सापडणार नाही. पक्षाच्या साध्या सभासदाचाही उल्लेख नाही. उमेदवार कसा ठरवला, कुणाला विचारलं, मतदान घेतलं का, चिठ्ठ्या टाकल्या का, की रात्री दोन वाजता बंगल्यावर बसून ठरवलं, हे कायदा विचारतच नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात पक्षाच्या नोंदणीचं '२९ अ' हे कलम आहे. पक्षाने राज्यघटनेशी आणि लोकशाहीशी निष्ठा ठेवावी असं ते सांगतं. पण तिकीट लोकशाहीने द्यावं असं कुठेही म्हणत नाही. १९९९ सालीच विधी आयोगाने आपल्या १७०व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करा असं सांगितलं होतं. मी तेव्हा अंगणवाडीतही नव्हतो. आता मला नोकरीला लागून वर्षं झाली, अहवाल तिथेच आहे.

माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे फॉर्म बनवताना एक गोष्ट पहिल्या महिन्यात कळते. ड्रॉपडाउनमध्ये वापरणाऱ्याने कुठला पर्याय निवडला यापेक्षा त्या यादीत पर्याय कुणी भरले, हे जास्त महत्त्वाचं असतं. यादी माझ्या हातात द्या, मग तुम्ही काहीही निवडा. आपल्या मतदान यंत्रावरची यादी अशीच दुसऱ्याने भरलेली असते आणि तिच्यासमोर उभं राहून आपण "आपला हक्क बजावला" म्हणून बोटाचा फोटो टाकतो.

आष्टीत काय झालं

त्या दिवशी आष्टीत जे झालं ते राज्यात थोड्याच ठिकाणी झालं. महायुतीत भाजपने सुरेश धस यांना उमेदवारी दिली. महायुतीतल्याच अजित पवारांच्या राष्ट्रवादीने त्या वेळचे आमदार बाळासाहेब आजबे यांना उमेदवारी दिली. आणि २०१४ साली भाजपकडून इथूनच निवडून आलेले भीमराव धोंडे अपक्ष उभे राहिले. समोर शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे मेहबूब शेख. पहिल्या दोघांच्या लढतीला नाव मिळालं 'मैत्रीपूर्ण लढत'.

धस निवडून आले. दुसऱ्या क्रमांकावर राहिले अपक्ष धोंडे.

कोण चांगला, कोण वाईट हा या लेखाचा विषय नाही. माझं मत मी २० नोव्हेंबरला दिलं आणि ते माझ्यापाशी आहे. मुद्दा असा की महायुतीचा आष्टीतला माणूस कोण, हे मुंबईला ठरवता आलं नाही, म्हणून ते ठरवायचं काम आपोआप आष्टीच्या लोकांवर येऊन पडलं. आणि लोकांनी ते नीट केलं. आभाळ कोसळलं नाही. ज्याला वरचे नेते अवघड गणित म्हणत होते, ते इथल्या लोकांनी एका दिवसात सोडवलं.

पण ही पद्धत धोक्याची आहे. एकाच बाजूचे तिघं शेवटच्या लढतीतच उभे राहिले आणि मतं जवळजवळ सारखी वाटली गेली, तर ज्याला बहुतेकांची पसंती नाही असा चौथाच निवडून येऊ शकतो. आष्टीत तसं झालं नाही. दुसरीकडे होईल. त्यापेक्षा ही निवड आधीच करून घेतली तर? आधी प्रत्येक बाजूचा माणूस लोकांनी ठरवायचा, मग त्या माणसांत खरी लढत.

याला अमेरिकेत प्रायमरी म्हणतात. मराठीत आपण प्राथमिक निवडणूक म्हणू.

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीत सांगलीची जागा उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला गेली आणि चंद्रहार पाटील यांना तिकीट मिळालं. काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि एक लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्यांना जे दिसलं नाही, ते सांगलीत सगळ्यांना दिसत होतं. नाशिक पदवीधर मतदारसंघात २०२३ साली काँग्रेसने सुधीर तांबे यांना उमेदवारी दिली, त्यांनी अर्जच भरला नाही, त्यांचे चिरंजीव सत्यजीत तांबे अपक्ष उभे राहिले आणि जिंकले. आपल्याला भलत्याच मतदारसंघांचे एबी फॉर्म पाठवले गेले, असा जाहीर आरोप त्यांनी नंतर केला. आरोप खरा की खोटा हे बाजूला ठेवा. एका कागदाच्या घोळावर आमदारकी कशी ठरते, एवढंच बघा.

प्रत्येक वेळी बंडखोरी करूनच लोकांचं म्हणणं सिद्ध करायचं का? ज्याच्यामागे विशाल पाटलांसारखं आजोबा वसंतदादांचं नाव नाही, त्याने काय करायचं?

त्याने काय केलं ते सांगतो.

नाना

नाना वीसेक वर्षं एका पक्षाचं काम करतात. पक्षाचं नाव सांगत नाही, कारण कुठलंही नाव घातलं तरी गोष्ट तीच राहील. पाण्याच्या टँकरसाठी तहसीलला जाणं, पीक विम्याचे अर्ज भरून देणं, ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणं, ही सगळी कामं नानांची. २०१७ ला पंचायत समितीचा आमचा गण त्यांना उभं राहता येईल असा सुटला. "नाना, तुमचंच आहे," असं सगळ्यांनी सांगितलं. नानांनी थकबाकी नसल्याचा दाखला काढला, शौचालयाचा दाखला काढला, नवीन खातं उघडलं. काकूने देवाला बोलून ठेवलं.

शेवटच्या दिवशी फॉर्म दुसऱ्यालाच मिळाला. तो माणूस आदल्या आठवड्यात पक्षात आला होता.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. फोनवर नाना एवढंच म्हणाले, "वरून आलं तसं." चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. पाचव्या दिवशी त्याच माणसाच्या चिठ्ठ्या वाटायला बाहेर पडले. काकू अजून त्यांना यावरून बोलते आणि नाना अजून गप्प बसतात.

नाना जिंकलेच असते असं मी म्हणत नाही. कदाचित हरले असते. आमच्या गणातल्या लोकांनी त्यांना पाडलं असतं तर ते त्यांनी मानलं असतं. पण ज्यांनी नानांना कधी पाहिलं नाही, त्यांनी त्यांना नापास केलं आणि ज्यांनी वीस वर्षं पाहिलं, त्यांना कुणी विचारलं नाही. सल आहे तो हा.

आपल्याकडे हे झालंय, पण अर्धवट

प्रायमरी ही परदेशी कल्पना, इथे चालणार नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला २०१४ ची आठवण करून द्या. तेव्हा राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने देशभरात पंधरा-सोळा लोकसभा मतदारसंघांत प्रायमरी घेतल्या. महाराष्ट्रात त्यात लातूर आणि वर्धा होते. लातूर म्हणजे आमचा शेजारचाच जिल्हा. तिथे दत्तात्रय बनसोडे निवडले गेले. वर्ध्यात त्या वेळचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे निवडले गेले. पुढे लोकसभेला दोघेही हरले. त्या वर्षी लाटच तशी होती, त्यामुळे पराभवाचं खापर मी प्रायमरीवर फोडणार नाही.

पण ती प्रायमरी होती कुणाची? मत द्यायचा हक्क होता तो पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना. म्हणजे ज्यांना नेत्यांनीच नेमलं, त्यांनी नेता निवडायचा. अशा बंद खोलीत खासदाराचा मुलगा निवडून येतो यात नवल काय? घराणेशाही मोडायला काढलेली वाट घराच्याच अंगणात जाऊन थांबली.

म्हणून प्रश्न नुसता प्रायमरी घ्या की नको असा नाही. खरा प्रश्न, तिच्यात मत कुणी द्यायचं. आणि इथे आपण बहुतेक जण येतो, कारण आपण कुठल्याच पक्षाचे नाही.

अमेरिकेत यावरच वर्षानुवर्षं भांडण चालू आहे आणि तिथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. न्यूयॉर्कमध्ये ज्या पक्षाचे म्हणून तुमची नोंद आहे त्याच्याच प्रायमरीत मत देता येतं. नोंद नसेल तर घरी बसा. न्यू हॅम्पशायरमध्ये ज्याने कुठलाच पक्ष नोंदवला नाही, तो त्या दिवशी कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. कोलोरॅडोत २०१६ साली लोकांनीच मतदान करून पक्ष नसलेल्यांना प्रायमरीची दारं उघडली. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये वेगळीच वाट धरली. तिथे बहुतेक पदांसाठी सगळ्या पक्षांचे इच्छुक एकाच यादीत असतात, सगळे मतदार मत देतात आणि पहिले दोघं शेवटच्या लढतीत जातात. सगळीकडे हे पुढेच गेलं असंही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा सुधारणा अनेक राज्यांच्या मतदारांनी नाकारल्याही. पण नाकारल्या त्या मतदारांनी. आपल्याकडे विषयच कधी मतदारापुढे आला नाही.

"पक्ष आमचा, तिकीट आमचं"

यावर पक्षवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं. पक्ष ही खाजगी संघटना आहे. संघटना करायचा हक्क घटनेच्या १९व्या कलमाने दिलाय. आमचा उमेदवार आम्ही ठरवू, बाहेरच्यांचा काय संबंध?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात हेच उत्तर फार वाईट कामासाठी वापरलं गेलं. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी जिंकली की निवडणूक जिंकल्यात जमा असायची आणि त्या प्रायमरीत काळ्या मतदारांना बंदी होती. कायद्याने घातलेली बंदी न्यायालयाने १९२७ ला रद्द केली. मग पक्ष म्हणाला, ही आमची खाजगी बाब आहे, आम्ही आमच्या ठरावाने बंदी घालतो. १९३५ साली न्यायालयाने ते मान्यही केलं. शेवटी ह्यूस्टनच्या लॉनी स्मिथ नावाच्या दंतवैद्याच्या खटल्यात १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच निकाल फिरवला. थोडक्यात निकाल असा होता की सरकारने ज्या पक्षाच्या निवडीला निवडणुकीच्या यंत्रणेचा भाग केलं, तो पक्ष त्या कामापुरता खाजगी राहत नाही.

आता आपल्याकडे या. राष्ट्रीय आणि राज्य पक्षांना राखीव चिन्ह मिळतं. मतदार यादी फुकट मिळते. आयकरात सूट मिळते. विधानसभेच्या अर्जावर मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. आणि निवडून आल्यावर दहावी अनुसूची आहेच. व्हिप मोडला तर आमदारकी जाते. म्हणजे उमेदवार ठरवणार पक्ष आणि सभागृहात मत कसं द्यायचं तेही ठरवणार पक्ष. मधल्या एका दिवशी काय ती आपली पाळी.

इतकं सगळं सरकारकडून, म्हणजे आपल्याकडून घ्यायचं आणि तिकिटाचा विषय निघाला की "आमचं घरचं आहे" म्हणायचं, हे चालणार नाही. लग्न घरचं असेल तर मंडप घरच्या खर्चाने घाला.

रांगेची भीती

सोपं उत्तर असं की सगळ्यांनी पक्षाचे सभासद व्हावं आणि आतून मत द्यावं. मी सभासद झालो होतो. मला न विचारता. एका सभासद मोहिमेच्या वेळी गावाकडच्या एका मित्राने माझा नंबर टाकला, मला फोन करून "ओटीपी सांग रे" म्हणाला, मी मीटिंगमध्ये होतो, काय आहे न विचारता सांगितला. दोन मिनिटांत पक्षात स्वागत झाल्याचा मेसेज. दिवसभर मी लोकांच्या लॉगिनची सुरक्षा तपासतो आणि मी स्वतः असा पक्षात गेलो. अशा सभासद यादीवर उमेदवार ठरवायचा तर ज्याच्याकडे ओटीपी गोळा करणारी पोरं जास्त, तोच उमेदवार.

आणि जे मुद्दाम कुठल्याच पक्षात जात नाहीत त्यांचं काय? काकूला मी ही सगळी कल्पना समजावून सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी या पक्षाची एक रांग आन् त्या पक्षाची एक रांग? मग कोण कुठल्या रांगेत हुबं ऱ्हायलं ते सगळ्या गावाला कळंल की. उद्या घरकुलाच्या यादीतून नाव गेलं तर तू येणार का पुण्याहून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गावात पक्ष नसणं हा आळस नसतो, ते संरक्षण असतं. टँकर, घरकुल, रोजगार हमीची विहीर, पोराचा दाखला, सगळं कुणाच्या तरी हातातून येतं. उघडपणे एका बाजूचं होणं शहरातल्या माणसाला परवडतं, काकूला परवडत नाही. आमच्या जिल्ह्यात तर गेल्या काही वर्षांत आडनावावरूनच बाजू ठरवायला लागलेत लोक.

मग मी वाचत बसलो आणि विस्कॉन्सिन राज्याची पद्धत सापडली. तिथे मतदाराला सगळ्या पक्षांचे रकाने असलेली एकच मतपत्रिका मिळते. आडोशाला जाऊन त्याने गुपचूप एकाच पक्षाचा रकाना निवडायचा आणि त्यातल्या इच्छुकांत मत द्यायचं. दोन पक्षांच्या रकान्यांत शिक्के मारले तर मत बाद. रांग एकच. कुणी कुठल्या पक्षासाठी मत दिलं ते कुणालाच कळत नाही.

काकूला हे सांगितलं. ती म्हणाली, "आसं आसंल तर जाईन."

कायदा मुंबईत बदलता येतो

विधानसभा-लोकसभेचा निवडणूक कायदा संसदेच्या हातात आहे. पण जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, महानगरपालिका यांच्या निवडणुकांचा कायदा राज्याचा आहे. घटनेची २४३ ट आणि २४३ य-क ही कलमं तो अधिकार विधिमंडळाला देतात आणि निवडणूक घ्यायचं काम राज्य निवडणूक आयोगाला देतात.

आणि आपलं विधिमंडळ हे कायदे बदलायला लाजतं असंही नाही. सरपंच थेट जनतेतून निवडायचा असं २०१७ ला ठरलं, २०२० ला रद्द झालं, २०२२ ला परत आलं. नगराध्यक्षाचंही तसंच. सत्ता बदलली की कायदा बदलतो, आणि सरपंचाच्या पाठीला प्रत्येक वेळी नवी पाटी. राज्य निवडणूक आयोगही हात बांधून बसलेला नाही. स्थानिक निवडणुकीत 'नोटा'ला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक, असा निर्णय त्याने २०१८ मध्ये घेतला. २०१६ मध्ये विवरणपत्रं दिली नाहीत म्हणून अनेक पक्षांची नोंदणीही रद्द केली होती.

म्हणून मागणी साधी आहे. पाच कलमांत मावते.

एक. स्थानिक निवडणुकीत ज्या पक्षाला आपलं राखीव चिन्ह वापरायचंय त्याने त्या गटात, गणात किंवा प्रभागात उमेदवाराची निवड मतदानाने करावी. ज्याला हे नको त्याच्यावर सक्ती नाही, पण मग त्याच्या उमेदवाराने अपक्षासारखं मोकळ्या यादीतलं चिन्ह घ्यावं. पक्षाचं संघटनस्वातंत्र्यही राहतं आणि सरकारी फायदाही फुकट जात नाही.

दोन. मतदान त्या भागातल्या प्रत्येक मतदाराला खुलं. सभासद असो वा नसो. एकाच पक्षाच्या निवडीत मत द्यायचं आणि कुठल्या, ते गुप्त.

तीन. सगळ्या पक्षांची निवड एकाच दिवशी, राज्य निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली.

चार. हे मतदान दसऱ्याच्या आत. दसरा-दिवाळीनंतर आमच्या तालुक्यातल्या टोळ्या ऊसतोडीला जातात. जे सहा महिने कोयता चालवतात त्यांना वगळून ठरवलेला उमेदवार आष्टीचा उमेदवार नव्हे.

पाच. आघाडी किंवा युती करायची तर निवडीच्या आधी करा आणि मिळून एकच निवड घ्या. लोकांनी निवडलेल्या माणसाला मग जागावाटपाच्या नावाखाली घरी बसवता येणार नाही.

"पैसा दोनदा वाटावा लागेल"

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो आणि तो खोटा नाही. पैसा वाटला जाईल. पण आज तिकिटासाठी लागणारा पैसा काय होतो? तो एक-दोन ठिकाणी ठोक जातो. दहा हजार लोकांना विकत घेणं आणि एका माणसाला विकत घेणं यात सोपं काय, हे आपल्या बाजार समितीतला कुठलाही आडत्या सांगेल. निवड लोकांपुढे आली की नानांसारख्या माणसाच्या वीस वर्षांच्या कामाला निदान भाव तरी लागतो. आज त्याचा लिलावच होत नाही.

दुसरा आक्षेप, विरोधक मुद्दाम येऊन कच्चा उमेदवार निवडून देतील. थोडेफार देतीलही. पण त्या दिवशी त्यांना आपल्या बाजूच्या निवडीतलं मत सोडावं लागेल, कारण सगळ्यांचा दिवस एक आणि मत एक. आपला माणूस पडू देऊन दुसऱ्याचा खेळ बिघडवायला किती जण तयार होतात ते बघू.

तिसरा, जात. प्रायमरीने जात जाणार नाही. मी इतका भाबडा नाही. पण 'निवडून येण्याची क्षमता' या गोड शब्दाखाली बंद खोलीत जातीचीच बेरीज चालते ना? तिथे एकाच समाजाचे दोन इच्छुक असले तर त्यातला कामाचा कोण, हे विचारायची सोय नाही. लोकांच्या मतदानात ती सोय आहे.

चौथा, खर्च. अर्जेंटिनात २००९ च्या कायद्याने सगळ्या मतदारांसाठी खुल्या प्राथमिक निवडणुका सुरू झाल्या आणि २०२५ ला त्या स्थगितही केल्या गेल्या. खर्च हे त्यातलं एक कारण सांगितलं गेलं. म्हणून मी आधी विधानसभा मागत नाही, पंचायत समितीचा गण मागतो. काही जिल्ह्यांत करून बघा. चुका तिथे सापडू द्या.

पण खरा आक्षेप पक्ष उघडपणे बोलत नाहीत. तो ब्रिटनमधल्या टॉटनेसने दाखवून दिला. २००९ साली तिथे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने मतदारसंघातल्या प्रत्येक मतदाराला, पक्ष न विचारता, टपालाने मतपत्रिका पाठवली. सुमारे चौथ्या हिश्शाने मतदारांनी ती भरून परत पाठवली. निवडल्या गेल्या सारा वोलस्टन, पेशाने डॉक्टर. पुढे त्या खासदार झाल्या आणि पक्षाच्या विरोधात बोलायला त्यांनी कधी मागेपुढे पाहिलं नाही. शेवटी २०१९ मध्ये त्यांनी पक्षच सोडला. त्यांना तिकीट वरून मिळालं नव्हतं, त्यामुळे वरच्यांचं भयही नव्हतं.

पक्षांना भीती याची आहे. पैसा, जात, खर्च ही नंतरची कारणं.

आता काय

बीड जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर वर्षानुवर्षं तिथे प्रशासक बसले. त्या काळात गणातला माणूस कोण हा प्रश्नच उरला नाही, कारण गणाला माणूसच नव्हता. या काळात नानांचं वय वाढलं. आता ते तिकिटाचं नाव काढत नाहीत. टँकरसाठी तहसीलला जातात तेवढं.

मी त्यांना विचारलं, "नाना, उद्या लोकांनीच उमेदवार निवडायचा असं झालं तर उभं राहाल?"

"कुणाचा फॉर्म आणायचा?"

"कुणाचाच नाही. लोकांपुढं जायचं."

बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पडलो तरी चालंल मग."

तुमच्या प्रभागात, गटात, गणात उद्या कुणी हात जोडून दारात येईल. रस्ता-पाणी-गटार विचाराच, पण त्याआधी एक प्रश्न विचारा, "तुम्हाला उमेदवार कुणी केलं?" उत्तर 'साहेबांनी' असेल तर म्हणा, मग मतही साहेबांकडूनच घ्या. आणि आमदार भेटले तर ही पाच कलमं त्यांच्या हातात द्या. ते थेट सरपंचाचा कायदा पाच वर्षांत तीनदा फिरवू शकतात. हा एकदा करायला त्यांना कुणाच्या फॉर्मची वाट बघायची गरज नाही.